शुद्धिपत्रातले दोन शब्द

शुद्धिपत्रात मुद्रणदोषांची दुरुस्ती असावी, नवे प्रकरण असू नये, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. संगणकाच्या भाषांतही हाच संकेत आहे. 'पायथन २.२.१' या आवृत्तीक्रमांकातला शेवटचा अंक शुद्धिपत्राचा. तो वाढला म्हणजे चुका निस्तरल्या, भाषा होती तशीच राहिली, असे समजायचे. मग अशी आवृत्ती घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्नच का उद्भवावा? तो उद्भवतो, हे आम्हाला पायथनच्या इतिहासातल्या दोन प्रसंगांतून दिसले.

डिसेंबर २००१ मध्ये आलेल्या २.२ मध्ये 'खरे' आणि 'खोटे' यांसाठी भाषेचे स्वतःचे शब्द नव्हते. १ म्हणजे खरे, ० म्हणजे खोटे, एवढ्यावर व्यवहार चाले. कित्येक जण प्रोग्रामच्या आरंभीच 'ट्रू' म्हणजे १, 'फॉल्स' म्हणजे ० अशी ओळ लिहून ठेवत. पुढे भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी सत्यासत्याचा स्वतंत्र प्रकार आणायचे ठरवले. त्याची योग्य जागा २.३ ही आवृत्ती, आणि २००३ मध्ये तो तिथे आलाही. परंतु वाट सुकर व्हावी म्हणून ही दोन नावे, तूर्त १ आणि ० यांची टोपणनावे म्हणून, एप्रिल २००२ च्या २.२.१ मध्येच घालण्यात आली.

हेतू चांगला, परिणाम विपरीत. २.२.१ वर ही नावे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम २.२ वर अडू लागला. तिथे 'ट्रू' हा शब्दच अनोळखी! गंमत अशी की त्रास झाला तो आवृत्ती न बदलणाऱ्याला. आपण जागचे हललो नाही म्हणजे सुरक्षित राहिलो, हा समज इथे खोटा ठरला. दुरुस्ती-आवृत्तीत कितीही लहान नवी गोष्ट घालायची नाही, हा पायथनमधला कडक दंडक या अनुभवातून आला.

तो दंडकही पुढे जाणूनबुजून मोडावा लागला. डिसेंबर २०१४ पर्यंत पायथनचे प्रमाण ग्रंथालय सुरक्षित म्हणवणारी जोडणी करताना समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतच नसे. म्हणजे लखोटा मोहोरबंद, पण घेणारा कोण याची चौकशी नाही. २.७.९ ने ही तपासणी आपोआप होईल असे केले. ज्यांचे अंतर्गत सर्व्हर स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रावर चालत, त्यांचे चालते प्रोग्राम नवी आवृत्ती घेताच बंद पडले. या वेळी फटका आवृत्ती घेणाऱ्यांना बसला. तरीही आमचा कौल २.७.९ च्या बाजूने आहे. ते प्रोग्राम इतकी वर्षे विनातक्रार चालले, हाच मूळ दोष होता. शिवाय तपासणी मुद्दाम बंद ठेवण्याची सोय होती. मात्र तसे करणाऱ्याला आपण काय सोडून देतो आहोत हे स्वहस्ते लिहावे लागे.

२.७ ची शुद्धिपत्रे एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ वर थांबली. त्या दोन शब्दांना मात्र त्याआधीच, डिसेंबर २००८ च्या ३.० मध्ये, राखीव शब्दांचा मान मिळाला होता, आणि प्रोग्रामच्या आरंभी सावधपणे लिहिलेली ती जुनी ओळ तिथे व्याकरणदोष ठरली.