शेवटच्या पानावरून लागलेला माग

मराठी मुलांच्या हाती डिजिटल गोष्टीचं पुस्तक कसं आलं, हे लिहायला बसलं की पहिली अडचण साधनांची. छापील पुस्तक एखाद्या वाचनालयात धूळ खात का होईना, टिकतं. फ्लॅशमध्ये बांधलेल्या गोष्टी मात्र ते तंत्र २०२० अखेर बंद झाल्यावर ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. मग हाताशी राहतात सीडीची वेष्टनं, शासकीय परिपत्रकं आणि पुस्तकाचं शेवटचं पान.

अमेरिकेत ब्रॉडरबंड कंपनीची ‘जस्ट ग्रँडमा अँड मी’ ही सीडी १९९२ साली आली. मर्सर मेयर यांच्या छापील पुस्तकावर ती बेतलेली होती. चित्रातल्या वस्तूवर क्लिक केलं की ती हलायची, आवाज करायची. इथून मराठीपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो. पण पुरावा दुसरीकडे नेतो.

प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, सुरू झालं तेव्हा त्यावर २४ भाषांतल्या ८०० गोष्टी होत्या. तिथलं कुठलंही अनुवादित मराठी पुस्तक घ्या आणि थेट शेवटाला जा. अनुवाद कोणाचा, तो कोणत्या मूळ गोष्टीवरून केला, मूळ लेखक कोण, हे तिथे नोंदलेलं असतं. पुढे पानागणिक चित्रकाराचं नाव, आणि ‘सीसी बाय ४.०’ हा खुला परवाना. म्हणजे नाव द्या आणि खुशाल वापरा, अनुवाद करा, छापा. इतिहासकाराला एवढी नेटकी वंशावळ एरवी कुठे मिळते! मराठीतल्या या पुस्तकांचा प्रसार मुख्यतः या परवान्याच्या बळावर झाला, असं माझं मत आहे. क्लिक केल्यावर हलणाऱ्या चित्रांचा त्यातला वाटा थोडा.

दुसरा धागा पाठ्यपुस्तकांचा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे कोड छापले गेले. २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी शाळांना कुलूप लागलं. कोविडच्या त्या काळात राज्याचा शिक्षण विभाग, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी ‘गोष्टींचा शनिवार’ चालवला. दर आठवड्याला एक गोष्ट, तीही व्हॉट्सअ‍ॅपवरून. परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावापर्यंत असं काही पोचायचं तर वाट ठरलेली: जिल्ह्याच्या ग्रुपवरून केंद्रप्रमुखांकडे, तिथून मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शेवटी पालकांचा ग्रुप. गोष्टीची पीडीएफ हातात असली तरी बोट लावून तीत काहीच हलत नाही. १९९२ ची सीडी त्यापेक्षा कितीतरी बोलकी होती, पण तिला संगणक लागायचा. हिला घरातला एक फोन पुरे. अर्थात डाउनलोडच्या आकड्यावरून फाइल उतरवली एवढंच सिद्ध होतं; पोराने गोष्ट वाचली की नाही, याला तो पुरावा नव्हे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. फोनची मेमरी भरली म्हणून ते जुने ग्रुप साफ करायच्या आधी त्यांतल्या गोष्टी आणि त्यांच्या सोबतचे निरोप तारखेसकट कुठेतरी उतरवून ठेवा.