मातीखालचा खापरखवल्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नाग, घोणस, मण्यार, फुरसे ही नावे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण 'खापरखवल्या' म्हटले, की बहुतेकांच्या भुवया वर जातात. शेतात कुदळीखाली निघाला तर कोणी त्याला मांडुळाचे पिल्लू म्हणते, कोणी गांडूळ.

या सापाची शेपटी तिरकी कापल्यासारखी असते. तिच्या टोकावरच्या खरखरीत ढालीवर मातीचा थर बसतो आणि पाठीमागचे बीळ जणू बुचाने बंद होते. अंग मात्र इतके गुळगुळीत, की त्याला मातीचा कण चिकटत नाही. उन्हात इंद्रधनुष्यासारखी झाक मारते. याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या दक्षिण भारत, सह्याद्री आणि श्रीलंका एवढ्याच मुलखातल्या. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

आपल्या भागातल्या एका जातीला फिप्सनचे नाव आहे. हर्बर्ट फिप्सन हे मुंबईतले मद्याचे व्यापारी. (कामा रुग्णालयाच्या डॉक्टर एडिथ पीची यांचे हे यजमान.) 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिला स्वतःचे छप्पर नव्हते. पुढच्याच वर्षी फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात तिच्यासाठी जागा करून दिली. मुंबईजवळच्या घाटातल्या या सापाला 1888 मध्ये मेसन या अभ्यासकाने त्यांचे नाव दिले.

दक्षिणेकडचे काम त्याआधीच झाले होते, तेही बरेचसे एकाच माणसाच्या हातून. रिचर्ड बेडोम हा मद्रासच्या फौजेतून वनखात्यात आलेला अधिकारी. त्याने एकट्याने या कुळातल्या कितीतरी जातींची वर्णने लिहिली. मात्र नमुना कुठला, याची नोंद कधी कधी 'त्रावणकोरचे डोंगर' एवढ्यावरच भागवली. आता हे डोंगर म्हणजे काय एखादी टेकडी आहे? तेव्हा कोणाला वाटले नसेल, पण एवढ्या एका ओळीमुळे आजच्या अभ्यासकांना रानोमाळ हिंडावे लागते.

याचे फळ 2016 मध्ये दिसले. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकात सापडणाऱ्या एका काळ्या सापाला तोवर बेडोमने 1871 मध्ये वर्णिलेल्या दक्षिणेतल्या जातीत गणले जाई. डेव्हिड गॉवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी नमुने शेजारी ठेवून खवले मोजले, तेव्हा ती जात वेगळी निघाली. तिला पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचे नाव मिळाले. म्हणजे ज्या सापाच्या रानातून आपण शतकभर येत-जात होतो, त्याला स्वतःचे नाव नव्हते!

नाव नाही, तर गणती तरी कशाची करणार? आंतरराष्ट्रीय लाल यादीत या कुळातल्या अनेक जातींसमोर 'माहिती अपुरी' असा शेरा आहे. हा शेरा वाचून पुष्कळजण निर्धास्त होतात. माझ्या मते घोटाळा इथेच आहे. वाघ घटले तर पाऊलखुणा घटतात, ओरड होते. मातीखालचा साप संपला तर वर काहीच बदलत नाही.

याचे जगणे ओल्या, भुसभुशीत मातीवर आणि तिच्यातल्या गांडुळांवर. 1978 मध्ये कार्ल गान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या सापाच्या पुढच्या भागातले स्नायू लाल आणि दमदार असतात, मागचे फिके. मालगाडीसारखे! इंजिन पुढे, डबे मागे. पण हे इंजिन वाळून कडक झालेल्या जमिनीत चालत नाही. झाडांची सावली गेली, बंगल्यांसाठी जेसीबीने उतार सपाट केला, की दोन उन्हाळ्यांत माती विटेसारखी होते. पावसाळ्यात वर आलेले साप घाटरस्त्यावर चाकाखाली जातात ते वेगळेच.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सापाला मारण्या-पकडण्यापासून वाचवतो. खासगी उतारावरची माती त्यात येत नाही. पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना 2024 मध्ये सहाव्यांदा निघाली, तीही मसुदा म्हणूनच.

हा साप बिनविषारी आहे. हातात घेतला तरी चावायला जात नाही. बोटाभोवती वेटोळे घालतो, आणि टोकदार डोके दोन बोटांच्या फटीत खुपसून खाली जायची वाट शोधत राहतो.