खारे पाणी, समुद्रशैवाल आणि त्वचा: एक प्रस्तावना

समुद्रशैवालाशी आपला काही संबंध नाही असे वाटणाऱ्या वाचकांनी आधी स्वतःच्या घरात डोकावून पाहावे. दुधात विरघळवून ज्याच्या वड्या पाडतात तो चायना ग्रास म्हणजे तांबड्या शैवालातून काढलेला अगार. कवळी बसवण्यापूर्वी दंतवैद्य दातांचा साचा घेण्यासाठी तोंडात जो गार, लिबलिबीत लगदा धरून ठेवायला सांगतात, तो सहसा तपकिरी शैवालातल्या अल्जिनेटचा असतो. टूथपेस्ट ब्रशवर पडल्यावर ओघळत नाही, याचे श्रेय पुष्कळदा कॅराजीननला जाते. तेही तांबड्या शैवालातूनच येते. एवढी जुनी ओळख असताना चेहऱ्याच्या क्रीमच्या डबीवर शैवालाचे नाव दिसले, तर त्यात बिचकण्यासारखे काही नाही. डबीवर त्या नावाच्या पुढे जे लिहिलेले असते, ते मात्र तपासून घ्यावे.

या विषयाकडे लोक बहुधा दोन वाटांनी येतात. काही जण जाहिरात वाचून येतात: समुद्रातली खनिजे त्वचेत मुरतात, अंगातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात, वय मागे फिरते. दुसरे काही जण हेच वाचून वैतागलेले असतात आणि सारा प्रकार थोतांड समजून पाठ फिरवतात. या दुसऱ्या वाचकांबद्दल मला अधिक आपुलकी वाटते, पण तेही एका चांगल्या विषयाला मुकतात. समुद्राचे त्वचेवरचे गुण खरे आहेत. ते बहुतेक वरवरचे आहेत, म्हणजे त्वचेच्या पृष्ठभागावर घडणारे, साधे आणि मोजता येण्याजोगे. दावा जितका खोल जातो, तितका तो कच्चा होत जातो. एवढे ध्यानात ठेवून तुम्ही आत आलात, तर हा विषय वाचायला फार रसाळ आहे.

सुरुवात शैवालाच्या संसारापासूनच करावी. शैवालाला खरी मुळे नसतात. तळाशी एक पकड असते, तिने ते कातळाला चिकटून राहते. अन्न आणि पाणी ते सगळ्या अंगाने शोषते. भरती असते तोवर त्याचे बरे चालते. ओहोटी लागली की तेच शैवाल तासन्‌तास उघड्या खडकावर पडून राहते. वरून ऊन, वारा, अंगावर सुकत चाललेले मीठ आणि पावसाळ्यात एकदम गोड्या पाण्याचा मारा. पॉर्फायरा या पातळ तांबड्या शैवालाच्या अंगातले ९० टक्क्यांपर्यंत पाणी या वेळात उडून जाऊ शकते आणि भरतीचे पाणी येताच ते पुन्हा टवटवीत होते. खडकावर खिळलेल्या जिवाला सावलीत सरकता येत नाही, म्हणून संरक्षणाची सगळी सामग्री त्याला अंगातच तयार करावी लागते. माणसाने त्वचेसाठी शैवालातून जे घेतले, ते बहुतांशी या सामग्रीतलेच आहे.

ती सामग्री तीन प्रकारची. पहिली, पाणी धरून ठेवणारी: तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तीतले अल्जिनेट. काही जातींत कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत ते भरते. सब्जाचे बी पाण्यात पडल्यावर स्वतःभोवती जसे बुळबुळीत आवरण धरते, तसेच अल्जिनेट पाणी घेऊन फुगते. त्वचेवर त्याचा पातळ थर बसला की आतले पाणी उडण्याचा वेग मंदावतो आणि हाताला मऊपणा लागतो. दुसरी सामग्री उन्हापासून बचावाची. पॉर्फायरा आणि तिच्या जातभाईंमध्ये मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले असतात. ती ३१० ते ३६० नॅनोमीटर या पट्ट्यातले अतिनील किरण टिपतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात निरुपद्रवीपणे सोडून देतात. त्यांतल्या एकाचे नावच पॉर्फायरा-३३४ आहे. ज्या तरंगलांबीला ते सर्वाधिक किरण शोषते, तोच आकडा नावात आला आहे. तिसरी सामग्री म्हणजे तपकिरी शैवालातले फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझँथिन यांसारखे ऑक्सिडीकरणाला अटकाव करणारे पदार्थ. यांच्याविषयी प्रयोगशाळेतल्या पेशींवर उत्साहाने पुष्कळ काम झाले आहे. पण बशीतली पेशी आणि माणसाचा गाल यांत बरेच अंतर आहे, हे वाचकांनी विसरू नये.

रसायनशास्त्राने शैवालाची दखल घेतली ती मात्र सौंदर्यासाठी नव्हे. १८११ मध्ये नेपोलियनच्या युद्धांसाठी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा बनवताना बेर्नार कूर्त्वा यांनी शैवालाच्या राखेवर गंधकाम्ल जरा जास्तच ओतले. जांभळी वाफ उठली आणि आयोडिन हाती आले. पुढे सत्तर वर्षांनी ई. सी. सी. स्टॅनफर्ड हे रसायनतज्ज्ञ स्कॉटलंडमधल्या शैवालातून आयोडिन अधिक चांगल्या रीतीने कसे काढता येईल या खटपटीत होते. त्यातून त्यांना अल्जिनेट सापडले. त्याचे पेटंट १८८१ चे. त्वचेच्या दृष्टीने या शोधाचे सर्वांत भरीव फळ प्रसाधनांच्या दुकानात नसून रुग्णालयात आहे. कॅल्शियम अल्जिनेटच्या तंतूंची पट्टी वाहत्या जखमेवर ठेवली की पट्टीतले कॅल्शियम आणि जखमेच्या स्रावातले सोडियम यांची अदलाबदल होते, तंतूंचा ओलसर जेल बनतो आणि जखम न चिकटता, न सुकता भरत राहते. शैवालाने खडकावर पाणी राखण्याची जी युक्ती साधली, तीच इथे उघड्या मांसावर कामाला येते. या विषयाची योग्यता कोणी विचारली, तर मी आधी या पट्टीकडे बोट दाखवीन.

समुद्राच्या पाण्याने उपचार करण्याची कथा वेगळ्या दिशेने आली. १७५० मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड रसेल या डॉक्टरांनी गाठींच्या विकारांवर समुद्राचे पाणी कसे वापरावे, यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. ते पाणी अंगावर घ्यायला आणि प्यायलाही सांगत. (पिण्याची ती फॅशन सरली, हे बरेच झाले.) ब्रायटन या मच्छीमार गावाचे भाग्य त्यातून उजळले. १७९१ मध्ये जॉन कोकली लेटसम यांनी मार्गेट येथे लंडनच्या गरिबांसाठी समुद्रस्नानाच्या रुग्णालयाचा पाया घातला. पण या परंपरेचे खरे माहेर शोधायचे, तर फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी प्रांतात जावे लागते. तिथल्या रॉस्कॉफ या लहानशा बंदरात आंरी द लाकाझ-दुतिए यांनी १८७२ मध्ये सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र उघडले आणि १८९९ मध्ये त्याच गावात लुई बागो या डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी गरम केलेल्या समुद्रजलाचे उपचारगृह सुरू केले. शैवालाचा अभ्यास आणि समुद्राचा उपचार एकाच गावात नांदले. थॅलॅसोथेरपी या नावाने आज जगभर जे चालते, त्याचे मूळ रूप हे असे वैद्यकीय होते.

त्याला चैनीचे रूप आले ते एका सायकलपटूमुळे. लुईझाँ बोबे यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षे ‘टूर द फ्रान्स’ जिंकली होती. १९६१ मध्ये मोटार अपघातात ते जबर जखमी झाले, रॉस्कॉफला उपचार घेऊन सावरले आणि १९६४ मध्ये ब्रिटनीतच किबरों येथे त्यांनी स्वतःचे केंद्र काढले. हॉटेल आणि उपचार एका छपराखाली आले. तिथून पुढे सांध्यांसाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या चेहऱ्यालाही शैवालाचा लेप लागू लागला.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हीच गोष्ट घरगुती राहिली. स्लायगो परगण्यातल्या एनिसक्रोन येथील किलकलन कुटुंबाचे स्नानगृह १९१२ पासून आहे. चिनी मातीच्या लांबट टबात गरम समुद्रजल भरायचे, त्यात वाफवलेले फ्युकस सेराटस हे दातेरी कडांचे तपकिरी शैवाल टाकायचे आणि पाण्याला तपकिरी रंग व रेशमी बुळबुळीतपणा आला की आत उतरायचे. तिथे दावे थोडे आणि अनुभव पुष्कळ. त्या पाण्याचा बुळबुळीतपणा येतो कुठून, हे तुम्हाला वर आलेल्या अल्जिनेटवरून आता सांगता येईल.

आता पाण्याकडे वळू. मोकळ्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत बहुतांश क्लोराइड आणि सोडियम. मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या आसपास. मृत समुद्राची जात निराळी. नावाने समुद्र असला, तरी तो सरोवर आहे, साध्या समुद्राच्या जवळजवळ दसपट खारा आणि मॅग्नेशियमने समृद्ध. सोरायसिसचे रुग्ण तिथे जातात आणि अनेकांना आराम पडतो, हे नोंदले गेले आहे. पण तो आराम मिठाचा की उन्हाचा? मृत समुद्राचा पृष्ठभाग सागरपातळीच्या ४०० मीटरहून खाली असल्याने हवेचा जास्तीचा थर उन्हातले जाळणारे किरण गाळतो आणि रुग्ण अधिक वेळ उन्हात बसू शकतो. अतिनील किरण हा सोरायसिसवरचा मान्य उपचार आहे. तेव्हा दोहोंचे श्रेय वेगळे करणे सोपे नाही.

म्हणूनच एर्हार्ट प्रोक्श आणि सहकाऱ्यांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मनीतला प्रयोग मला फार आवडतो. कोरड्या, ॲटोपिक त्वचेच्या स्वयंसेवकांनी एक हात मृत समुद्राच्या ५ टक्के क्षारांच्या द्रावणात १५ मिनिटे बुडवायचा आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात. माणूस तोच, त्वचा तीच, ऊनही तेच. सहा आठवडे मोजमाप झाले. क्षाराच्या हाताची त्वचा अधिक ओलसर राहिली, खरखर आणि लाली कमी झाली, आणि ज्यांच्या त्वचेतून पाणी अधिक झिरपत होते त्यांच्यात तिची आडभिंत सुधारली. संशोधकांनी श्रेय दिले ते मॅग्नेशियमला. प्रयोग लहान आहे, पण त्याची मांडणी नीट आहे. या क्षेत्रातले कोणतेही लेखन हाती आले की वाचकांनी आधी हा ‘दुसरा हात’ शोधावा. तो नसेल, तर निष्कर्ष कितीही गोड असो, तो सावकाश गिळावा.

दुसरी कसोटी आकाराची. नेदरलँड्समधील बॉस आणि मेइनार्डी यांनी २००० मध्ये एक ढोबळ नियम मांडला: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत. अल्जिनेट, कॅराजीनन यांचे रेणू हजारो, कधी लाखो डाल्टनचे. ते आत ‘मुरत’ नाहीत. वर बसून काम करतात आणि ते कामही उपयोगाचे आहे. विषद्रव्ये ओढून काढण्याचा दावा मात्र यकृत आणि मूत्रपिंडांच्या कामावर हक्क सांगतो, तो सोडून द्यावा. तसेच शैवालाचा अर्क असलेले क्रीम सनस्क्रीनची जागा घेत नाही. खडकावरच्या शैवालाला पुरते ते संरक्षण आपल्या डबीत किती उतरले, हे वेगळे मोजावे लागते.

काही सावधपणा समुद्रच शिकवतो. खारे पाणी अंगावर सुकू दिले तर त्वचा ताणते आणि खाजते, म्हणून किनाऱ्यावरच्या घरांत डुंबून आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन खोबरेल लावतात; आधुनिक त्वचाशास्त्राला यात बदलण्यासारखे काही सापडणार नाही. शैवाल जसे उपयोगी क्षार शोषते, तसेच आर्सेनिक आणि कॅडमियमही शोषते, त्यामुळे ते कुठल्या पाण्यातले, हा प्रश्न विचारायलाच हवा. शैवालात आयोडिन असते, म्हणून थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी शैवालाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि ज्या ब्रिटनीचे मी कौतुक केले, तिथेच शेतातल्या नायट्रेटमुळे माजलेले हिरवे उल्व्हा किनाऱ्यावर ढिगांनी कुजते आणि हायड्रोजन सल्फाइड सोडते. २००९ मध्ये सँ-मिशेल-आं-ग्रेव्हच्या पुळणीवर अशा ढिगात रुतून एक घोडा मेला. किनाऱ्यावर सडत पडलेले शैवाल गोळा करून घरी लेप करण्याची हौस कोणी करू नये, ती यासाठी.

आपल्याकडे हा विषय पोरका नाही. भावनगरची केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्था १९५४ पासून काम करते आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून. तमिळनाडूत रामेश्वरम-मंडपमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून शैवाल काढतात. आपल्या रोजच्या वापरातल्या अगार-कॅराजीननमागे अशा हातांचेही कष्ट आहेत, ते कोणत्याही डबीवर छापलेले नसतात. कोकणातल्या कातळी किनाऱ्यावर सार्गॅसम आणि उल्व्हा सहज दिसतात आणि पावसाळ्यात पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस उगवते. ओहोटीला खडपावर उतरून ती पाहा, पण उपटू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यात तर नाहीच.

प्रसाधनाची डबी हाती घ्याल, तेव्हा घटकांची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘मॅरिस ॲक्वा’ म्हणजे समुद्राचे पाणी, ‘अल्जिन’ म्हणजे सोडियम अल्जिनेट. शैवालाचे नाव सुगंधाच्याही खाली असेल, तर त्याची मात्रा नावापुरतीच आहे असे समजायला हरकत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे अधिक. कोकणची पॉर्फायरा ढगाळ महिन्यांत वाढते, तरी पावसाची उघडीप पडली की तिच्यावर उष्ण कटिबंधातले कडक ऊन येते. अशा जिवाने अतिनील किरणांपासून बचावाची सामग्री किती आणि कधी साठवावी? जूनपासून सप्टेंबरपर्यंत, परवानगी घेऊन, दर पंधरवड्याला चिमूटभर नमुना घ्यावा, सावलीत सुकवावा, पाणीमिश्रित मिथेनॉलमध्ये त्याचा अर्क काढावा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३३४ नॅनोमीटरच्या आसपास शिखर किती उंच येते ते पाहावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातले हे काम आहे.