काडतूस-परीक्षण

छऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसाचा दाब व वेग मोजून त्याची सुरक्षितता ठरविण्याची पद्धती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरावयाच्या बंदुका रूढ झाल्यावर शिकारी वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरू लागले. काळी दारू मापाने भरीत; पुढे आलेल्या दाट निर्धूम दारूचे तेवढेच माप मात्र नळी फोडण्यास पुरेसे ठरे. शिकाऱ्याजवळ धक्का व आवाज याच खुणा असत. त्यांवरून दाबाचा खात्रीलायक अंदाज येत नाही.

लंडनचा बंदूककार संघ (सनद १६३७) व बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह (१८१३) यांनी जादा भार उडवून नळ्या पारखण्याची प्रथा रुजविली. तथापि नळी कसास उतरली, तरी त्यामुळे नवे काडतूस निर्धोक ठरत नाही. ब्रिटिश तोफशास्त्रज्ञ अँड्र्यू नोबल यांच्या दाबमापकात तांब्याचा लहान दंडगोल किती चेपला, यावरून दाब काढीत. अलीकडे त्यासाठी दाबविद्युत् स्फटिक वापरतात. एकाच खेपेतील अनेक काडतुसे परीक्षण-नळीतून दुरून उडवून सरासरीबरोबर चढउतारही पाहतात. कारण अपघातास एकच चुकीचा भार पुरेसा असतो.

महाराष्ट्रात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसे तयार होतात. ठाणे जिल्ह्यात विठ्ठलवाडीच्या पुढे असलेल्या अंबरनाथच्या आयुध कारखान्यात (स्थापना १९५३) काडतुसांसाठी पितळी घटक बनतात. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळा बनविण्याप्रमाणेच त्याची चाचणी घेण्यासही परवाना लागतो. म्हणून घरी भरलेले काडतूस स्वतः उडवून पाहण्यास परवान्यावाचून वाव नाही.