वसई किनाऱ्यावरील शरदकालीन स्थलांतरित पक्षी : नोंदींच्या इतिहासाचे परिशीलन

प्रस्तावना

उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी यांच्या दरम्यानचा वसई-विरारचा किनारा इतिहासाच्या अभ्यासकांना १५३४ चा बहादूरशहा व पोर्तुगीज यांच्यातील तह आणि १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय यांमुळे परिचित आहे. याच किनाऱ्यावर भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत उत्तरेकडील पक्ष्यांचे आगमन होते. चिखल्या, तुतारी, कुरव हे त्यांतील नेहमीचे पाहुणे होत. क्वचित दिसणाऱ्या पक्ष्यास 'दुर्मीळ' म्हटले जाते. मात्र ही दुर्मीळता पक्ष्याची की नोंदीची, हा प्रश्न मूलतः इतिहाससाधनांच्या चिकित्सेचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

नोंदींच्या भौगोलिक मर्यादा

कोकणातील पक्ष्यांची एक महत्त्वाची जुनी सूची मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० मध्ये ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिचे क्षेत्र दक्षिण कोकण होते. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांची लेखमाला १९३६ पासून प्रसिद्ध झाली. तिचे क्षेत्र 'मुंबई व साष्टी' असे होते. १७३७-३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई एकाच घटनाक्रमात येतात. पक्षिसूचीत मात्र मधली खाडी ही सीमा ठरली. परिणामी, या दोन्ही पायाभूत सूचींच्या घोषित क्षेत्राबाहेर वसई राहिली. अशा प्रदेशात नंतर दिसलेला पक्षी पूर्वी येतच नव्हता, असा निष्कर्ष काढणे युक्त ठरणार नाही.

ऋतू आणि पुरावा

दुसरी मर्यादा काळाची आहे. नीलपंखाची युरोपीय जात, लालपाठी खाटीक यांसारखे आफ्रिकेकडे जाणारे पक्षी पश्चिम भारतातून प्रामुख्याने शरदात, काही आठवडेच जातात. परतीचा त्यांचा मार्ग बहुधा वेगळा असतो. भारतात १९८७ पासून होणारी आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत घेतली जाते आणि ती पाणपक्ष्यांपुरती असते. त्यामुळे शरदातील वाटसरू तिच्या कक्षेत येत नाहीत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग-मुंबई दरम्यान धडकलेल्या 'फयान'सारखी वादळे खोल समुद्रातील पक्ष्यांनाही किनाऱ्याकडे लोटू शकतात. अशी नोंद नियमित आगमनाचा पुरावा ठरत नाही.

तिसरी मर्यादा पुराव्याच्या स्वरूपाची आहे. एकोणिसाव्या शतकात बंदुकीने टिपलेल्या पक्ष्याचे कातडे हा पुरावा होता. विसाव्या शतकात क्षेत्रटिपणास आणि एकविसाव्यात छायाचित्रास महत्त्व आले. निरीक्षकांची संख्या वाढताच 'दुर्मीळ' पक्ष्यांच्या नोंदीही वाढतात. म्हणून नोंदींतील वाढ ही पक्ष्यांतील वाढ मानता येत नाही.

अधिवासाचा संदर्भ

ओहोटीच्या वेळी अर्नाळा, राजोडी, भुईगाव येथील उघड्या वाळूवर व चिखलावर हे पक्षी चरतात. भरतीच्या वेळी त्यांना विसाव्यासाठी कोरडी वा उथळ पाण्याची मोकळी जागा लागते. मिठागरे आणि खाजणे ही गरज भागवितात. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. या विस्तारात मोकळ्या खाजणजमिनींवरील ताण वाढला. विसाव्याची जागा गेल्यास पक्षीही जातो. परंतु पूर्वीची नोंद नसेल, तर ती हानी सिद्ध करणे दुरापास्त होते.

निष्कर्ष

वसईच्या संदर्भात 'दुर्मीळ' ही संज्ञा स्थळ, ऋतू आणि पुरावा या तिन्ही मर्यादा लक्षात घेऊनच वापरणे इष्ट होय. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी संयुक्तपणे ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तारीख, स्थळ, भरती-ओहोटीची वेळ आणि पुराव्याचे स्वरूप यांसह नोंदवही ठेवावी. ज्या दिवशी पक्षी दिसला नाही, त्या दिवसाचीही नोंद तीत असावी. जी जागा कागदावर आली नाही, तिच्या बाजूने पुढे साक्ष देण्यास कोणतेही साधन उरत नाही.