निळ्या मांडवातली कव्वाली

२ ऑक्टोबर १९७९ रोजी बॉब मार्लेचा ‘सर्व्हायव्हल’ हा अल्बम बाजारात आला. वेष्टनावर आफ्रिकी देशांचे झेंडे आणि शीर्षकाच्या मागे, गुलामांना दाटीवाटीने कोंबून नेणाऱ्या जहाजाचा नकाशा. त्यानंतर चाळीस दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्या, एवढीच मागणी होती आणि तिच्यासाठी औरंगाबादपर्यंतची सुमारे ४७० किलोमीटरची वाट माणसे पायी तुडवायला निघाली होती.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तरीही मार्ले गायचा ते रेगे म्हणजे काय हे मराठी माणसाला समजून घ्यायचे असेल, तर नागपूरच्या इंदोरा आणि पाचपावली या वस्त्यांतल्या गाण्याइतका जवळचा दाखला सापडणार नाही. जमैकात, किंग्स्टनच्या ट्रेंचटाउनसारख्या गरीब वस्तीत रेगे वाढले, भल्यामोठ्या स्पीकरांवरून गल्लीगल्लीत वाजले आणि त्याने इतिहास सांगितला. नागपुरातही गाण्याने नेमके हेच काम केले.

इथली मुळे गिरणीत आहेत. १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली आणि विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या हजारो हातांना काम मिळाले. त्यांत महार समाजाचे कामगार मोठ्या संख्येने होते. या कामगारांत वावरलेले किसन फागूजी बनसोडे हे नागपूरच्या या परंपरेतले फार मोठे आणि फार विसरलेले नाव. १८७९ मध्ये मोहपा येथे जन्मलेल्या बनसोड्यांनी पाचपावलीत मुलींची शाळा काढली, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ चालवली, पुढे ‘चोखामेळा’ हे पत्र काढले आणि सतत कविता लिहिल्या. धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे बाबासाहेबांशी पटले नाही. त्यामुळे त्यांची उपेक्षा झाली असावी, पण ती योग्य नव्हे. वस्तीला तिच्या स्वतःच्या भाषेत, चालीवर बोलवावे लागते, हे त्यांना फार आधी कळले होते.

पश्चिम महाराष्ट्रात सत्यशोधक जलशांची वाट होतीच. नाशिककडे भीमराव कर्डकांनी तिच्यातून आंबेडकरी जलसा घडवला. नागपूरचे वळण मात्र पुढे वेगळे पडले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. बावीस प्रतिज्ञा घेऊन गावी परतलेल्या माणसाला आता पुढचे कोण सांगणार? लग्न कसे लावायचे, बारशाला काय म्हणायचे, कोणता देव सोडायचा आणि का, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे गाण्यातून पोचू लागली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे तेच पुस्तक होते.

या गाण्यावर नागपुरात कव्वालीचा साज चढला. ताजबाग दर्ग्याच्या उरुसामुळे या शहराच्या कानाला कव्वाली परकी नव्हतीच. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, मागे टाळ्यांचा कोरस आणि समोरासमोर दोन पार्ट्या: हा ‘दुय्यम सामना’ रात्री जेवणानंतर सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. बक्षिसाची नोट आली की देणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारले जायचे. नागपूरचे नागोराव पाटणकर या मांडवातले नामवंत गायक.

या गाण्यांच्या चाली पुष्कळदा सिनेमाच्या किंवा आधीच गाजलेल्या कव्वालीच्या असत. तेवढ्यावरून त्यांना उसनी म्हणणाऱ्यांनी जमैकाकडे पाहावे. तिथे एकाच ‘रिडिम’वर, म्हणजे एकाच ताल-ठेक्याच्या बैठकीवर, डझनावारी गायक आपापले शब्द गातात आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे सारे लक्ष नव्या शब्दांवर जाते. ज्या गाण्याला काही सांगायचे आहे, त्याच्यासाठी ही मोठीच सोय होती.

आणि सांगायचे खूप होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नागपुरात मोर्चे निघाले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाजवळचे नामांतर शहीद स्मारक त्यांच्या आठवणीचे आहे. अशा बळींची नावे वस्तीने गाण्यात ठेवली. जमैकात रेगे गायक बर्निंग स्पिअरने १९७५ साली एक अख्खा अल्बमच ‘मार्कस गार्वी’ या नावाने काढला. कृष्णवर्णीयांचा हा जमैकन नेता १९४० मध्येच गेला होता. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही त्यांच्यापर्यंत तो गाण्यातून आला. बाबासाहेबही विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांना आधी असेच भेटले.

‘सर्व्हायव्हल’मध्ये ‘झिंबाब्वे’ हे गाणे होते. सहा-सात महिन्यांत, एप्रिल १९८० मध्ये, तो देश स्वतंत्र झाला आणि त्या सोहळ्यात मार्ले स्वतः गायला. नागपूरकरांना मात्र विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले.

मधल्या काळात कॅसेट आली होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली आणि रात्रभराची कव्वाली साठ मिनिटांत बसवली गेली. सामन्यातला सवाल-जवाब त्यात गळाला हे खरे, पण एसटीने गावी परतणाऱ्याच्या पिशवीतून गाणे घरात गेले. आता ते मोबाइलमध्ये आहे आणि जयंतीच्या डीजेवरही आहे.

यात एक मोठे नुकसान झाले. वामनदादा कर्डकांसारखे कवी संतांच्या रीतीने शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. गाणे आटोपते घेताना ते कडवे गाळले की कवी पुसला जातो. मोठ्या कवींची नावे तरी टिकली; खेडोपाडीच्या शाहिरांची आणि कव्वालांची नावे झपाट्याने जात आहेत. कॅसेटची फीतही फार वर्षे तग धरत नाही. ओल लागली की बुरशी चढते आणि आवाज विरतो.

म्हणून विदर्भातल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. माळ्यावर, जुन्या पेटीत अशी एखादी कॅसेट असेल तर ती भंगारात घालू नका. तिच्यावरची गाणी आजच उतरवून घ्या आणि घरातल्या जाणत्यांना विचारून गायकाचे, कवीचे आणि गावाचे नाव लिहून ठेवा.