टॉकीजची जुनी लेन्स घरच्या कॅमेऱ्याला कशी चालते?

१९५३ च्या 'द रोब'पासून सिनेमास्कोप पडद्यावर आला. हिंदीत १९५९ च्या 'कागज के फूल'ने तो आणला. यात ॲनामॉर्फिक लेन्स रुंद दृश्य आडवे दाबून फिल्मवर उतरवते आणि टॉकीजच्या प्रोजेक्टरवरची लेन्स ते पुन्हा पसरवते. डिजिटल प्रोजेक्टर आले आणि या लेन्स अडगळीत गेल्या. हौशी मंडळी आता त्याच लेन्स साध्या कॅमेऱ्यावर वापरतात.

जोडणी : मिररलेस कॅमेऱ्याला ॲडॉप्टर लावून हेलिओस ४४-२ सारखी ५८ मिमीची जुनी लेन्स बसवायची, तिच्यापुढे ॲनामॉर्फिक. मागची लेन्स वाइड असेल तर कोपरे काळे पडतात. फोकस बहुधा दोन्हींचा वेगवेगळा जुळवावा लागतो.

हिशेब : दुप्पट दाबणाऱ्या लेन्सने ४:३ चे चित्र एडिटिंगमध्ये पसरवल्यावर २.६६:१ होते. १६:९ चे ३.५५:१, म्हणजे फारच लांबट. मग बाजू कापाव्या लागतात.

घेताना : उजेडासमोर धरून बुरशी बघावी, दमट हवेत ती हमखास धरते. आणि भंगारात घालण्याआधी लेन्स फिरवत आरपार बघा. पलीकडचा माणूस कधी उंच-बारीक, कधी बुटका-जाड दिसला, तर ती किलोवर विकू नका.